कुरणाखालचं पाणी

"अहो, चहाचं गार पाणी झालं," मनोरमाबाई ओट्यापासून म्हणाल्या. "आणि त्या खिडकीला नाक लावून काय बसलाय? ती बाई खड्डे खणतेय, त्यात एवढं बघण्यासारखं काय आहे?"

रावसाहेबांनी कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. कुंपणापलीकडे शेजारची नोलीन खणत होती. सत्तरीला टेकलेली बाई, गुडघ्यापर्यंत गमबूट, डोक्यावर भिजून आकार हरवलेली लोकरी टोपी. एक खड्डा खणायची, वाकून आत बघायची, मान हलवायची आणि चार पावलं पुढे जाऊन दुसरा सुरू करायची. तिच्या मागे सगळं कुरण तळ्यासारखं पाण्याखाली होतं. गाईंच्या खुरांनी गवताचा पार चिखल झाला होता. काल त्याच चिखलात एक गाभण गाय रुतली. ट्रॅक्टरला दोर बांधून ओढताना तिचा मागचा पाय मोडला. मग थोड्या वेळाने बंदुकीचा आवाज आला, तो रावसाहेबांनी याच खुर्चीत बसून ऐकला होता. तेव्हापासून ते पुन्हा पुन्हा याच खुर्चीत येऊन बसत होते.

कारण त्या कुरणात पाणी का तुंबलं, हे ज्याला पक्कं ठाऊक होतं, तो माणूस मनोरमाबाईंच्या हातचा गार चहा पुढ्यात घेऊन बसला होता.

रावसाहेब कृषी खात्यातून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. उभी नोकरी माण, खटाव आणि जतच्या माळावर गेली. काम एकच, पाणी अडवायचं आणि जिरवायचं. समतल चर खणून घ्यायचे, नालाबांध घालून घ्यायचे. लोक पाठीमागे त्यांना 'बांधवाले साहेब' म्हणत आणि साहेबांना ते मनातून आवडे. वाहून जाणारं पाणी दिसलं की ते अडवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. पुण्यात एकदा शेजाऱ्यांच्या टाकीचं पाणी वाहत होतं, तर हे बनियनवरच त्यांच्या गच्चीत जाऊन व्हॉल्व्ह बंद करून आले होते. शेजारी दार वाजवत राहिले, आंघोळीला पाणी नाही म्हणून.

जानेवारीत ते दोघं परदेशी मुलाकडे आले. सुमेधचं घर पामर्स्टन नॉर्थच्या बाहेर, दोन एकरांच्या तुकड्यावर. तो तुकडा पूर्वी नोलीनच्याच शेताचा खालचा कोपरा. दक्षिण गोलार्धातला उन्हाळा जानेवारीत ऐन भरात होता, गवत करपून पिवळं पडलेलं, जमिनीला भेगा. रावसाहेबांना अगदी घरी आल्यासारखं वाटलं. "हा तर आपला म्हसवडचा माळ," ते म्हणाले. सुमेध हसला. "बाबा, विंटर येऊ दे, मग बघा." पण हवापाण्याच्या बाबतीत मुलाचं ऐकायची त्यांना सवय नव्हती.

नोलीनची ओळख फिजोआमुळे झाली. शरद ऋतूत तिच्या झाडांना ही हिरवी फळं लागली की ती बादली भरून फाटकाशी ठेवून जायची. मनोरमाबाईंनी त्यांचा मुरांबा करून तिला बाटली पाठवली. ती कुंपणाशी थांबायची आणि मोठ्याने विचारायची, "कसा आहेस, राव?" साऱ्या नोकरीत रावसाहेबांना कुणी नुसतं 'राव' म्हटलं नव्हतं. पहिल्यांदा त्यांना दचकायला झालं. मग त्या हाकेची वाट बघायची सवय लागली.

मे महिन्यात पाऊस सुरू झाला आणि फिरता फिरता त्यांना तो पाइप सापडला. सुमेधच्या जमिनीच्या टोकाला, ओहोळाच्या काठावर, फ्लॅक्सच्या झुडपांच्या उंच, दाट पात्यांमागे वीतभर तोंडाचा जुना भाजक्या मातीचा पाइप होता. नोलीनच्या कुरणाखालून येणारा. त्यातून पाणी ओहोळात पडत होतं, अखंड, रात्रंदिवस. रावसाहेबांना ते बघवेना. उन्हाळ्यात करपणारं कुरण, आणि त्याचं हक्काचं पाणी असं समुद्राला चाललेलं! बिचारी एकटी बाई, तिला कोण सांगणार?

विचारायचं त्यांच्या मनात आलंच नाही असं नाही. पण त्यांना गंमत करायची होती. पुढच्या उन्हाळ्यात कुरण हिरवंगार राहील, नोलीन चकित होईल, आणि मग आपण सांगू. फिजोआची परतफेड. तांदळाच्या रिकाम्या पिशव्यांमध्ये त्यांनी चिकणमाती भरली, पाइपात ठासली, दगड बसवले, वरून माती चोपून हिरवळीचे तुकडे लावून टाकले. काम इतकं नीट झालं की दुसऱ्या दिवशी त्यांना स्वतःलाच जागा शोधावी लागली. त्यानंतर कित्येक दिवस ते कुरणाकडे बघून गालातल्या गालात हसत होते.

पण खरी बोच दुसरीच होती. माती काढताना त्यांनी बघितलं होतं. वर वीतभर काळपट थर, आणि त्याखाली एकदम राखाडी, निर्जीव माती, तिच्यात गंजासारखे तांबूस ठिपके. कृषी महाविद्यालयात ते हे शिकले होते. असे ठिपके म्हणजे इथे वर्षातले कित्येक महिने पाणी अडकून राहतं, मातीला श्वास घेता येत नाही, इथे पाणी जिरवायचं नसतं, काढून द्यायचं असतं. परीक्षेत त्यावर प्रश्न आला होता आणि रावसाहेबांनी आकृती काढून उत्तर लिहिलं होतं. पण माणच्या मुरमात त्यांना असा एक ठिपका कधी दिसला नाही, आणि बांधवाले साहेब होता होता ते उत्तर विसरले. विसरले तरी कसं म्हणायचं? फावड्याच्या पात्यावर ठिपके आले तेव्हा आठवलं होतं. 'असेल काहीतरी', असं म्हणून त्यांनी ती माती पिशवीत भरली होती. ठाऊक नव्हतं म्हणून चुकलो, एवढीसुद्धा पळवाट त्यांना उरली नव्हती.

काल संध्याकाळी गॅरेजमध्ये त्यांनी सुमेधला सगळं सांगितलं. सुमेध गाडीच्या बॉनेटवर बसला.

"बाबा, तो तिचा मेन ड्रेन आहे! आपल्या जमिनीतून तो जाणार, त्याला आपण हात लावायचा नाही, असं घर घेतानाच ठरलंय."

"मला काय माहीत..."

"विचारायचं ना! एवढं सिम्पल होतं." सुमेधने कपाळ चोळलं. मग आवाज खाली आणला. "हे बघा, तुम्ही कुणाला काही बोलू नका. आईला पण नको. वीकेंडला अंधार पडला की मी जाऊन सगळं काढून टाकतो. तिला वाटेल, आपोआप मोकळं झालं. आम्हाला इथे राहायचंय, बाबा. इथे सगळे एकमेकांना ओळखतात."

"बरं," रावसाहेब म्हणाले. आणि म्हणताना त्यांना हायसं वाटलं. रात्रभर त्यांना लाज वाटत राहिली ती या हायसं वाटण्याची. गावोगावच्या सभांमध्ये शेतकऱ्यांना तासतासभर उपदेश करणारे साहेब पोराच्या आडोशाला लपले होते.

"राव! ए राव!" कुंपणापलीकडून हाक आली. खिडकीत त्यांना बघून नोलीन हात हलवत होती. "जरा ये ना इकडे. तू मातीतला माणूस ना?"

"जा की, बोलावतेय तर," मनोरमाबाई म्हणाल्या. "आणि टोपी घाला."

रावसाहेब गेले. चिखलात एकेक पाय उपसत तिच्या खड्ड्याशी पोहोचले. खाली तीच राखाडी माती, तेच ठिपके, आणि तळाला गढूळ पाणी.

"बघितलंस?" नोलीन इंग्रजीत म्हणाली. त्यांना समजावं म्हणून ती नेहमीच सावकाश बोलायची. "हिमयुगातली धूळ आहे ही. हिमनद्यांनी दगड दळले, वाऱ्याने पीठ उडवलं आणि आमच्या नशिबी आणून टाकलं. खालचा थर इतका घट्ट की पाणी आत जातच नाही. माझा नवरा, डेस, म्हणायचा, हिवाळ्यात बुडवणार आणि उन्हाळ्यात तडकवणार, अशी ही जमीन." ती फावड्यावर रेलली. "लग्न झालं त्या वर्षी त्याने इथे पाइप घातले. स्वतःच्या हातांनी. पाइप कुठून जातात, कुठे बाहेर पडतात, सगळं त्याच्या डोक्यात. मी कधी विचारलं नाही. म्हणायचा, नोल, हे पाइप तुझ्यानंतरही चालतील."

रावसाहेबांनी वाकून खड्ड्याच्या कडेची माती चिमटीत धरून चोळली.

"तो जाऊन दोन वर्षं झाली आणि त्याचे पाइप पण गेले." तिने बाहीने नाक पुसलं. "दुपारी एजंट येतोय. विकून टाकते सगळं. मुलगी कधीची म्हणतेय, तिच्याकडे अप्पर हट गावात राहायला ये म्हणून. गाई विकायचं एवढं काही नाही, राव. पण डेसने काम कच्चं केलं असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. तू सांग. तू आयुष्यभर हेच केलंयस. मेले ना पाइप?"

आता फक्त मान हलवायची होती. वीकेंड दोन दिवसांवर होता. पण एजंट दुपारी येणार होता, आणि या बाईच्या मनात तिचा मेलेला नवरा कामचुकार ठरणार होता. कुणी ठरवला? ज्याला तिने 'मातीतला माणूस' म्हणून विचारलं, त्याने.

सरकारी अहवालांतलं इंग्रजी रावसाहेबांना पाठ होतं, पण त्यात या वाक्याला शब्द नव्हते.

"पाइप इज गुड," ते म्हणाले. "डेस इज गुड. आय ब्लॉक. मी. आय डिड इट."

नोलीनला काही कळलं नाही. "काय?"

"कम," ते म्हणाले आणि तिच्या हातातलं फावडं घेऊन पुढे निघाले. मागे वळून बघायचा त्यांना धीर झाला नाही. तिचे गमबूट चिखलात वाजत होते, त्यावरून ती येतेय एवढं कळत होतं.

फ्लॅक्सची पाती बाजूला करून ते काठावर उतरले आणि खणायला लागले. हिरवळीचा तुकडा निघाला, दगड निघाले. बासमतीची पहिली पिशवी ओढून काढली तेव्हा वर उभी असलेली नोलीन दोन पावलं पुढे आली. घरून काम करणारा सुमेध खिडकीतून बघून धावत आला होता. तो वरून ओरडला, "बाबा, नका! मी काढतो!" रावसाहेबांनी ऐकलं नाही. दुसरी पिशवी हलेना. त्यांनी दोन्ही हात पाइपात घालून ती फाडली, बोटांनी माती उकरली, आणि एकदम पाणी आलं. राखाडी, गार, जोरात. छातीवर फटका बसून ते मागे ओहोळात बसले.

नोलीन काठावरून खाली आली. पाइपाच्या तोंडाशी तिने तळवा धरला आणि कितीतरी वेळ तसाच धरून ठेवला. तिचे ओठ हलत होते, पण ती रावसाहेबांशी बोलत नव्हती. मग तिने खिशातून फोन काढला आणि कुणाला तरी सांगितलं, आज येऊ नका, नंतर बघू.

"का?" तिने विचारलं.

"माय प्लेस," रावसाहेब पाण्यातून उठत म्हणाले, "नो वॉटर. वॉटर गोइंग, आय कान्ट सी. आय थिंक, गुड फॉर यू. सरप्राइज." शेवटचा शब्द त्यांच्या तोंडातून बाहेर पडला आणि त्यांना वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. पण ही जमीन काहीच पोटात घेत नव्हती. "सॉरी. व्हेरी सॉरी."

नोलीनने पायाशी पडलेली पिशवी उचलली. तिची घडी, तिच्यात ठासलेली माती, दोरीची गाठ नीट बघितली.

"चांगलं काम केलंयस," ती म्हणाली. "मी आठवडाभर या काठावरून हिंडतेय. मला काही सापडलं नाही." त्यात कुचकटपणा नव्हता. असता तर रावसाहेबांना बरं वाटलं असतं.

"सॉरी फॉर काऊ," ते म्हणाले.

"हो." ती पाण्याकडे बघत होती. "ती जन्मताना अडली होती. डेसने ओढून काढली. त्याच्या हातची ती शेवटची. मी तिला पहिलटकरीण म्हणून रोज बघायला जात होते."

सुमेध काहीतरी बोलायला लागला, भरपाई वगैरे. नोलीनने नुसता हात वर करून त्याला थांबवलं.

"निदान तुझ्या बापाने सांगितलं तरी," ती म्हणाली. मग रावसाहेबांकडे वळली. "घरी जा, राव. गारठशील. मला गाई हलवायच्या आहेत."

फावडं उचलून ती वर चढली आणि तळ्यासारख्या कुरणातून गोठ्याकडे चालू लागली. तिने वळून बघितलं नाही. पाइपातून पाणी पडत होतं.

सुमेध गुडघ्यावर बसला आणि काठावरून त्याने हात खाली दिला. "या, बाबा. धरा."

रावसाहेबांनी आपले हात बघितले. कोपरापर्यंत राखाडी माती होती, नखांत तांबूस रेघा. त्यांनी ते हळूच पाठीमागे नेले.

"नको रे," ते म्हणाले. "माझे हात खराब आहेत." आणि मुलाला बाजूला व्हायला सांगून ते गवताला धरून एकटेच वर चढायला लागले.