तिसरा प्रश्न

पोलिसांची आणि विमा कंपन्यांची सोयरीक जमली तेव्हा आमच्या कंट्रोल रूममध्ये एक टेबल वाढलं आणि माझं सुख संपलं. नाक्यावरच्या हवालदाराने गाडी अडवली की तो या टेबलावर नंबर कळवणार, कंपन्यांनी बसवलेल्या बाई कॉम्प्युटरमध्ये बघणार. विमा नसला तर गाडी जप्त. फोन दोन्हीकडे स्पीकरवर ठेवायचा आणि एका पोलिसाने साक्षीदार म्हणून रजिस्टरवर सही करायची, असं ठरलं होतं. तो पोलिस मी. गुडघ्यांनी दगा दिल्यावर मला रस्त्यावरून आत घेतलेलं.

प्रश्न तीन. नाव जुळतं का? गाडीत काय आहे? विम्याचा फॉर्म कोणी भरला? लोक घरगुती वापराचा विमा काढतात आणि गाडी धंद्याला लावतात, म्हणून हे शेवटचे दोन. इतर पाळ्यांतल्या बाया पहिल्यावरच उरकायच्या. या बाई तिन्ही विचारायच्या आणि तोवर माझा चहा गार व्हायचा.

रोज सकाळी बाईंचा धाकटा भाऊ बेकरीचा माल पोचवायला जाताना व्हॅन दारात लावायचा आणि त्यांचा डबा देऊन जायचा. "ताई, आजही विसरलीस," एवढंच म्हणायचा. जाताजाता माझ्या टेबलावर एक गरम पाव ठेवायचा. लाच म्हणावी तर फारच स्वस्त.

त्या मंगळवारी अकराच्या सुमाराला पुलावरच्या हवालदाराचा फोन आला. त्याने नंबर सांगितला आणि बाईंची बोटं कीबोर्डवर थांबली.

"विमा आहे. घरगुती वापराचा," बाई म्हणाल्या. "नाव जुळतं?"

"जुळतंय. सोडू का?"

मीही तो नंबर रोज दारात बघत होतो. मी खाकरलो. जाऊ द्या, असा त्याचा अर्थ होता आणि बाईंना तो कळला.

"गाडीत काय आहे?" त्यांनी विचारलं.

"पाव आहेत बाई. चाळीसेक क्रेट. वास काय सुटलाय!"

"मग विमा लागू नाही. फॉर्म कोणी भरला, विचारा."

पलीकडे हवालदाराने पाठ केलेलं म्हणून दाखवलं. "हे बघ, तू स्वतः खोटं लिहिलं असशील तर वर्षभर एकही कंपनी तुला दारात उभं करणार नाही. कंपनीतल्या कुणी लिहिलं असेल तर नाव सांग. त्याची नोकरी जाईल, तुला नवा विमा मिळेल."

फोनवरून प्रश्न विचारणारा आवाज कुणाचा, हे भावाला कळलं नसेल असं मला वाटत नाही.

"मीच भरला," तो म्हणाला.

बरं झालं, मिटलं, असं म्हणत मी सहीसाठी रजिस्टर ओढलं. तिसऱ्या रकान्यात बाईंनी लिहिलं होतं: 'वाहनधारकाच्या बहिणीने, म्हणजे मी.'

"बाई, साक्षीदार मी आहे. मी तर 'मीच भरला' असं ऐकलं."

"बरोबर ऐकलंत, काका. तो खोटं बोलला. हप्ता निम्मा बसतो म्हणून मी घरगुती लिहिलं."

"त्याने अंगावर घेतलंय ना? मग तुम्ही कशाला नोकरीवर पाणी सोडताय?"

"बेकरीने त्याला गाडीसाठी ठेवलंय. वर्षभर गाडी नाही, तर त्याने करायचं काय?" त्यांनी पेन माझ्यापुढे धरलं. "सही करा."

मला त्यांचा राग आला. त्याहून जास्त स्वतःचा आला. सहा महिने त्याच गाडीतला पाव मी खात होतो, आणि मला कुणी काही विचारलं नव्हतं. मी सही केली.

पुढच्या आठवड्यात व्हॅन पुन्हा दारात लागली, काचेवर नव्या विम्याचा कागद. बाईंच्या खुर्चीत दुसऱ्या बाई होत्या. भावाने सवयीने माझ्यापुढे पाव ठेवला.

"ताई कशा आहेत?" मी विचारलं.

"घरीच आहे, काम शोधतेय. आता डबा मला भरून देते."

तो गेला आणि फोन वाजला. नव्या बाईंनी नाव जुळतं का ते विचारलं, "सोडा" म्हणाल्या आणि रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. चहा अजून गरम होता, पण पाव मी बाजूला सारला.