एकाच नंबरच्या नोटा

चामोर्शीच्या आठवडी बाजारात कुंता ढिवरीण मासोळी विकत बसली होती. झिंगू नावाच्या म्हाताऱ्याने किलोभर रोहू तोलून घेतला आणि पाचशेची नोट पुढे केली.

कुंताने लुगड्याला हात पुसून नोटेच्या कडेच्या तिरप्या रेघांवर अंगठा फिरवला. खरखर लागली नाही. तिने नोट उन्हात कलती केली. मधली तार हिरवीची निळी व्हायला हवी होती; ती हिरवीच राहिली. गेल्या वर्षी अशीच एक नोट तिने बँकेत नेली होती. तिथल्या बाईंनी खोट समजावून सांगितली, नोट ठेवून घेतली आणि बदल्यात दमडीही मिळाली नव्हती.

"भाऊ, हे नोट नकली आहे."

"मले चोर म्हणतेस का?" झिंगूचा आवाज चढला. "आत्ताच बकरी इकली, त्याचेच पैसे आहेत हे!"

लोक जमले. "म्हाताऱ्या माणसाले काऊन छळते, बाई?" कोणीतरी ओरडलं.

नोट परत देऊन कुंताला गप्प बसता आलं असतं. पण म्हातारा स्वतःच फसला असावा, असं तिला वाटलं. ती हळूच म्हणाली, "भाऊ, बाकीच्या बी दाखवा बरं."

झिंगूने कंबरेची गाठ सोडून बाकीच्या नोटा काढल्या. कुंता एकेक आकडा बोट ठेवून वाचू लागली. दोन नोटांवर एकच नंबर. तिसरीवरही तोच.

"एक नंबर दोन नोटांवर राहत नाई, भाऊ. कोनाले इकली बकरी?"

झिंगूने बाजाराच्या टोकाकडे हात केला. तिथे एक व्यापारी टेम्पोचं फाळकं लावत होता.

"तुम्ही पोलिसाले आना. पळा!" टोपली तशीच टाकून कुंता धावली. टेम्पो सुरू झाला होता. नोटांचं नाव काढलं तर हा निसटणार, हे तिने ओळखलं.

"ओ शेठ! मायी बी बकरी आहे, घेता का?"

व्यापाऱ्याने ब्रेक दाबला. "कुठी आहे?"

"पोरगी आनून राह्यली. गाभण आहे. किती द्याल?"

तो भाव पाडत राहिला, ती वाढवत राहिली. तेवढ्यात त्याची नजर तिच्या खांद्यावरून मागे गेली. झिंगू आणि शिपाई गर्दीतून येत होते. व्यापाऱ्याने गिअर टाकला. कुंताने खिडकीतून हात घातला आणि किल्ली फिरवून ओढून घेतली. त्याने तिचं मनगट पिरगाळलं, पण तिने मूठ उघडली नाही.

शिपायाने त्याला खाली ओढलं. सीटखालच्या पिशवीत त्याच नंबराच्या नोटांची गड्डी निघाली.

ठाण्यात जबाब होईपर्यंत ऊन उतरलं. टोपलीतली मासोळी वाया गेली होती. झिंगूला मात्र बकरी परत मिळाली. तिच्या मानेला मिठी मारून तो लेकरासारखा रडला. कुंता बाजूच्या ओट्यावर टेकली आणि सुजलेलं मनगट पदराने बांधू लागली.