महाराणीचे दगड

‘आमची ठकू मासे धुते,’ असं बाबा नवीन माणसाला सांगतात. मासे नाही, माशांच्या टाक्या धुते मी. दातांचे दवाखाने, वकिलांची ऑफिसं, एक चष्म्याचं दुकान, अशा तेवीस ठिकाणच्या खाऱ्या पाण्याच्या टाक्या अकरा वर्षं माझ्या हाताखाली आहेत. माझ्या हाताखालचा मासा सहसा मरत नाही, आणि हे सांगताना मी विनय वगैरे दाखवत नाही.

चोविसावी टाकी आमच्या घरात, बाहेरच्या खोलीत. ती आईची. तिच्यात एकच क्लाउनफिश, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली मादी. आईनं तिचं नाव महाराणी ठेवलं आणि ती नावाला जागली. टाकीत डाव्या बाजूला आईनं स्वतःच्या हातांनी दगडांची कमान रचली होती, तिच्याखाली महाराणी राहायची. आईला जाऊन तीन वर्षं झाली. तीन वर्षांत मी पाणी बदललं, काच घासली, पण त्या दगडांना बोट लावलं नाही. आईचं शिलाईचं यंत्र खिडकीशी होतं तिथेच राहिलं, तिची वेताची खुर्ची त्याच्या पुढ्यात.

मग एक दिवस जेवताना बाबांनी सांगितलं की ते लग्न करणार आहेत. वय अडुसष्ट. बाई ग्रंथपाल होत्या, मागच्या वर्षी निवृत्त झाल्या. बाबा त्यांच्या ग्रंथालयात रोज पेपर वाचायला जायचे. पेपर वाचता वाचता एवढं होतं हे मला ठाऊक नव्हतं.

‘करा,’ मी म्हटलं. ‘पण या घरातली एक वस्तू जागची हलायची नाही.’

‘नाही हलणार,’ बाबांनी लगेच शब्द दिला. त्या वेळी मी काहीही म्हटलं असतं तरी त्यांनी मान डोलावली असती.

ग्रंथपालबाई दर रविवारी येऊ लागल्या. बाबांनी त्यांना माझी अट सांगून ठेवली असणार, कारण त्या वेताच्या खुर्चीकडे बघायच्याही नाहीत. दाराशी चपला घालताना बसायचं एक स्टूल होतं, त्यावर पर्स मांडीवर घेऊन बसायच्या. चहाचा कप शेवटपर्यंत हातातच, कारण ठेवायला जवळ काही नसायचं. मला हे सगळं दिसत होतं. दिसूनही मी काही केलं नाही, उलट बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

पाचव्या रविवारी त्या पाण्यानं भरलेली एक पिशवी घेऊन आल्या. आत बोटाच्या पेराएवढा क्लाउनफिश.

‘ती एकटी असते ना,’ त्या म्हणाल्या. ‘दुकानदाराला विचारून आणलाय. लहानच घ्या म्हणाला.’

दुकानदार शहाणा होता. हे मासे सगळे नर म्हणून जन्मतात आणि जोडीतला मोठा पुढे मादी होतो. बरोबरीचा दुसरा आणला तर दोघांतला एकच उरतो. लहान आणला तर तो मोठीपुढे अंग थरथरवतो, म्हणजे ‘तुम्ही म्हणाल तसं’, आणि भांडण मिटतं. आईपुढे बाबांचंही साधारण असंच होतं.

‘तिचं एकटीचं छान चाललं होतं,’ मी म्हटलं.

बाईंनी पर्सचा पट्टा घट्ट धरला. ‘परत नेऊ का?’

‘आता आलाय ना,’ मी म्हटलं. जिवंत मासा दारातून परत पाठवायचा, हे माझ्या धंद्यात बसत नाही.

तीन आठवडे नव्याला वेगळ्या छोट्या टाकीत ठेवला. अंगावर रोग नाही याची खात्री झाल्यावर मोठ्या टाकीत सोडला. थरथरायलाही महाराणीनं त्याला वेळ दिला नाही. तासाभरात तो पाणी कोमट ठेवणाऱ्या हीटरच्या मागे कोपऱ्यात अडकला होता आणि त्याच्या शेपटीचा तुकडा गेला होता. मी महाराणीला भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात घालून चार दिवस टाकीतच कोंडलं. सोडल्यावर ती सरळ आपल्या कमानीखाली गेली आणि तिथून त्याच्या अंगावर. पुन्हा डबा, या वेळी आठवडाभर. पुन्हा तेच. खाणं दोन टोकांना टाकून पाहिलं, दिवा बंद ठेवून पाहिलं. मी हट्टाला पेटले होते. तेवीस टाक्या सांभाळणाऱ्या बाईच्या घरात मासा मरतो, हे मी होऊ देणार नव्हते.

असे तीन आठवडे गेले. लग्नाची नोंदणी आठ दिवसांवर आली. त्या रविवारी ग्रंथपालबाई स्टुलावरून उठल्या आणि पहिल्यांदाच टाकीच्या काचेजवळ आल्या. हीटरमागच्या फाटक्या शेपटीकडे त्यांनी बराच वेळ बघितलं.

‘मी याला घेऊन जाते,’ त्या म्हणाल्या. मग बाबांकडे न बघता, ‘आणि आपणही जरा थांबू या. घाई काय आहे?’

बाबांनी हातातला कप खाली ठेवला. त्यांचा तसा चेहरा मी एकदाच पाहिला होता, आई गेली त्या दिवशी. हे माझ्यामुळे होत होतं आणि ते मला स्वच्छ कळत होतं.

‘मासा कुठेही जाणार नाही,’ मी म्हटलं. माझा आवाज चढला. ‘मी अजून हात टेकलेले नाहीत.’

‘अगं, पण तुझं सगळं करून झालं ना?’ बाईंनी विचारलं. यात टोमणा नव्हता. न सापडणाऱ्या पुस्तकाची चौकशी करावी तसं विचारत होत्या. ‘लोकांकडे असं झालं तर काय करतेस?’

‘लोकांकडे? लोकांकडे मी आधी दगड हलवते. सगळी मांडणी मोडायची, म्हणजे जुन्या माशाला...’

माझी नजर डावीकडच्या कमानीवर गेली.

म्हणजे जुन्या माशाला आपली जागा सापडत नाही, राखायला काही उरत नाही, आणि दोघंही सारखेच नवे होतात. चष्म्याच्या दुकानात हे मी तोंडपाठ सांगते. पहिल्या दिवशीचं काम आहे ते. घरी मी डबा केला, दिवा केला, खाणं केलं, आणि हे एक मला सुचलंच नाही. माझ्या लेखी ते दगड नव्हतेच, आई होती.

मी बाही वर सारली आणि हात खांद्यापर्यंत पाण्यात घातला. कमानीचा वरचा दगड निघेना. तीन वर्षांत शेवाळाचा टणक जांभळा थर चढून तो खालच्याला चिकटला होता. मी जोर लावला. तो सुटला तेव्हा मला रडू आलं, आणि मी ते आवरलं नाही. एकेक करून सगळे दगड काढले आणि उजवीकडे मुद्दाम वेगळेच रचले.

महाराणी चक्रावली. एक फेरी, दुसरी फेरी, कमान सापडेना. तेवढ्यात नवा हीटरमागून बाहेर आला, तिच्या पुढ्यात थांबला आणि अंग थरथरवू लागला.

‘आजारी पडला का?’ बाईंनी विचारलं.

‘नाही. नमस्कार करतोय.’

महाराणीनं त्याला एक ढुशी दिली, फार जोरात नाही, आणि पुढे निघाली. तो अंतर ठेवून तिच्या मागे गेला. मी ओल्या हातांनीच शिलाईच्या यंत्राकडे वळले.

‘बाबा, ते टोक धरा.’

‘ठकू, राहू दे गं. मी तुला शब्द दिलाय.’

‘मागितला मी, सोडतेय मी. धरा.’

यंत्र आतल्या खोलीत गेलं. टेबल खिडकीशी आलं, बाबांचं कपाट भिंत बदलून उभं राहिलं. वेताची खुर्ची मी टाकीसमोर ठेवली आणि ग्रंथपालबाईंना म्हटलं, ‘बसा.’ त्या आधी काठावर बसल्या, मग पाठ टेकली. कप टेबलावर ठेवला. बाबा त्यांच्याशेजारी. माझी नेहमीची जागा कपाटाखाली गेली होती. कुठे बसावं कळेना, म्हणून मी दाराजवळच्या स्टुलावर बसले.

त्याचा एक पाय आखूड होता. पाठीला आधार नाही आणि दाराच्या फटीतून पायांवर गार वारा. पाच मिनिटांत माझी कंबर भरून आली. ही बाई त्यावर अकरा रविवार बसली होती.

‘काय झालं गं?’ त्यांनी विचारलं.

‘हे स्टूल डुगडुगतं.’

‘हो,’ त्या म्हणाल्या. ‘डावीकडे भार टाकून बसलं की नाही डुगडुगत.’