पेन्सिलीच्या खुणेच्या पुढे

दादाच्या कानांतले वरचे सूर गेले. कायमचे गेले. आता हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा, कारण आमच्या घरात तसं काहीही घडलेलं नाही.

घडतं ते एवढंच. रविवारी दुपारची जेवणं झाली की दादा आणि मी मागच्या खोलीत सिंथेसायझर घेऊन बसतो. त्याचा जुना, वयाने माझ्याहून मोठा आणि दोघांनी मिळून उचलायचा. माझा नवा, चपटा, शेकडो आवाज पोटात साठवून बसलेला. जुन्याला स्मरणशक्ती नाही. एखादा आवाज आवडला की नॉबच्या कडेला पेन्सिलीने खूण करायची, नाहीतर तो गेलाच. काय वाजवायचं ते आम्ही ठरवत नाही. तो एक सूर सोडतो, मी त्याच्या मागे लागतो, भांडण होतं, मिटतं, मग चहा होतो.

जुन्यावर फिल्टरचा मोठा नॉब आहे. डावीकडे फिरवला की आवाज रजईत गुंडाळल्यासारखा होतो, उजवीकडे सुरीसारखा. ‘आपला आवाज’ म्हणून दादाने केलेली खूण बरोबर मधोमध आहे. हिवाळ्यात नॉब त्या खुणेच्या पुढे सरकला.

“मशीन बसलंय रे बारक्या. धारच नाही.”

“वय झालं त्याचं,” मी म्हणालो.

मशीन उघडून मी धूळ काढली. आत एक मेलेलं झुरळ निघालं. गुन्हेगार सापडल्याचं मी जाहीर केलं, दादानेही मान्य केलं. पुढच्या रविवारी नॉब आणखी पुढे गेला. झुरळाची मरणोत्तर बदनामी फुकट झाली.

मग एक दिवस नॉब पार उजवीकडे जाऊन अडकला. वहिनी कानांवर हात ठेवून दारात उभी राहिली.

“खिडकीच्या काचांनी तुमचं काय घोडं मारलंय?”

“या घरात सगळ्यांचेच कान नाजूक,” दादा म्हणाला. “आणि चहाचं काय झालं?”

त्याच्या पाठीमागे स्वयंपाकघरात किटली शिट्टी मारून मारून बेजार झाली होती. वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी झुरळ सापडलं होतं त्या जागेकडे पाहिलं.

दादा पत्रे कापायच्या कारखान्यात आहे. तिथे कानांत घालायला बोळे मिळतात. पण बोळे घातले की साहेबांच्या शिव्या ऐकू येत नाहीत, आणि त्या ऐकू आल्या नाहीत तर साहेब आणखी चिडतात, म्हणून बोळे खिशात ठेवायची पद्धत आहे. वहिनी त्याला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं सांभाळा, असं मशीनवर कान तपासून डॉक्टर म्हणाले.

“त्यांचं मशीन जुनं आहे,” घरी येऊन दादा म्हणाला. आम्ही माना डोलावल्या. विषय संपला.

मग मी शहाणपणा केला. माझ्या मशीनवर एका बटणाने सगळं सप्तकभर खाली उतरतं. बोटं तिथेच, आवाज मात्र तळाला.

“आज कुठे नीट वाजवतोयस तू!” दादा खूश झाला.

मी आणखी एक सप्तक उतरलो. कपाटातल्या बशा थरथरल्या. इथे कुणी ट्रक लावतंय का, असं विचारायला वरच्या मजल्यावरचे काका खाली आले. मी नाही म्हणालो. तरी ते बाहेर जाऊन बघून आले.

काल दादा मध्येच थांबला. माझी करंगळी पट्ट्यांच्या उजव्या टोकाला होती. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग स्पीकरवर तळहात ठेवला.

“हात तिकडे आणि आवाज इकडे?”

“हवामानामुळे असेल,” मी म्हणालो.

“कधीपासून?”

“तुझा नॉब संपला तेव्हापासून.”

त्याने स्पीकरवरून हात काढला.

“मूळ जागेवर आण.”

“दादा, पण तुला...”

“माझं मी बघतो. तू वाजव.”

मी वाजवलं. तो माझी बोटं बघून उत्तरं देत होता, त्यामुळे प्रत्येक वेळी थोडा उशिरा पोचत होता. शेवटी मी सगळ्यात वरची पट्टी दाबली आणि दाबूनच ठेवली.

“वाजतोय?”

“वाजतोय.”

“कसा आहे?”

खोटं बोलण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

“थोडा बेसूर.”

“म्हणजे तूच वाजवतोयस,” तो म्हणाला.

मग त्याने फिल्टरचा नॉब उलटा फिरवत मधोमध आणला आणि वाकून पेन्सिलीच्या खुणेला नीट लावला. दारात येऊन उभ्या राहिलेल्या वहिनीकडे आणि माझ्याकडे पाहिलं.

“तुम्हाला बरा लागतोय ना इथे? मग हाच आपला आवाज.”

वहिनी किटली उतरवायला गेली. ती अजून गॅसवर चढवलेलीसुद्धा नव्हती.

सबब, संबंधित खात्यास नम्र विनंती की, अर्जदाराच्या दोन्ही कानांतील वरच्या सुरांपैकी निम्मे सूर त्याच्या थोरल्या भावाच्या नावे तातडीने वर्ग करण्यात यावेत. अर्जदाराची हरकत नाही. अर्जदार तसंही अर्धंच ऐकतो, असं घरच्यांचं पूर्वीपासून म्हणणं आहे. काम येत्या रविवारी जेवणं व्हायच्या आत व्हावं, ही विनंती.