दीड कडवं

भिंतीवर दोनदा टकटक झाली आणि सुनेने गॅस मोठा केला. चहाचं आधण तयारच होतं. कप घेऊन तिने डार्करूमचं दार वाजवलं, आतली कडी निघाली. लाल दिव्याच्या उजेडात सासऱ्यांनी कपाकडे पाहिलं आणि म्हणाले, "नाही."

या आठवड्यातला हा सातवा कप. हाही तिने दारातच उभ्या उभ्या पिऊन टाकला.

अर्धांगवायूने सासऱ्यांची सगळी भाषा नेली होती आणि जाताना हा एवढा शब्द मागे ठेवला होता. भूक लागली तरी नाही, पोट भरलं तरी नाही. चाळीस वर्षं लोकांना 'जरा हसा' म्हणून सांगणारा हा फोटोग्राफर. आता हात बरे चालत होते, पण जीभ वळत नव्हती. मुलगा आणि सून त्यांच्यापाशी राहायला आले त्याला तीन महिने झाले होते.

बाबांना जिना झेपत नाही, तेव्हा डार्करूम रिकामी करून तिथे त्यांचा पलंग टाकायचा, असं मुलाने ठरवलं होतं. त्यात चूक काहीच नव्हती. फोटो मोठे करायचं जुनं मशीन न्यायला भंगारवाला रविवारी येणार होता. सासरे मात्र सकाळी उठले की त्या खोलीत जायचे आणि आतून कडी लावायचे. ते बघून सून हट्टाला पेटली. बाबांच्या हातून एक तरी धड फोटो निघाला तर मशीन राहील, असं तिने नवऱ्याकडून कबूल करून घेतलं. लहान मुलाला हो म्हणावं तसं तो हो म्हणाला.

"चार वर्षं काळे फोटो काढतायत ते," तो म्हणाला. "डोळे गेलेत, अगं. गिऱ्हाइकं उगाच नाही तुटली."

तिने कंबर कसली. मशीनखाली कागद ठेवायचा, दिवा लावायचा, निगेटिव्हमधून कागदावर उजेड पडू द्यायचा आणि वेळेवर दिवा बंद करायचा. उजेड जास्त झाला की फोटो काळा. म्हणजे सगळा खेळ काही सेकंदांचा, हे तिच्या लगेच लक्षात आलं. तिने स्टॉपवॉच आणून सासऱ्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते सभ्यपणे परत केलं. "नाही."

वेळ ते लिहून ठेवायचे ती निगेटिव्हच्या पाकिटांवर, पेन्सिलीने. पण तिथे सेकंद नव्हते. कुठे 'एक कडवं', कुठे 'ध्रुवपद दोनदा'. मशीनमध्ये गेले कित्येक दिवस एकच निगेटिव्ह अडकवलेली होती, सासूबाईंची. तिच्या पाकिटावर होतं, 'दीड कडवं'.

कुठल्या गाण्याचं, असं तिने नवऱ्याला विचारलं. आईचं असणार, तो म्हणाला. दारी सकाळ उभी, तिला आत घे, असं काहीतरी होतं. आता कोणाला आठवतंय. अंघोळीला गेला की तो रोज तेच म्हणतो, हे तिने त्याला सांगितलं नाही.

शनिवारी ती सासऱ्यांबरोबर आतच थांबली. त्यांनी कागद ठेवला, फळ्यांच्या भिंतीवर दोनदा टकटक केली, बोट बटणावर ठेवलं आणि मान तिरपी करून वाट पाहिली. पलीकडे स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. मग त्यांनी दिवा लावला आणि स्वतःच गायला लागले. पाण्याचा पेला मागता न येणारा माणूस, पण गाण्याचा शब्द न् शब्द स्वच्छ येत होता. सुनेचे डोळे भरून आले. पण पुढची प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा लांबत गेली. दुसऱ्या कडव्याशी ते थांबले, श्वास घेतला, पुन्हा सुरू झाले. दिवा तोवर जळतच होता. मग कागद ट्रेमधल्या रसायनात सोडला, तेव्हा सासूबाईंचा चेहरा उमटला आणि बघता बघता काळोखात बुडाला.

संध्याकाळी तिने त्यांचे जुने फोटो तारखेवार जमिनीवर मांडले. चार वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या त्या महिन्यापर्यंत सगळे लखलखीत, पुढच्या महिन्यापासून काळे. डोळे असे एका महिन्यात जात नाहीत. तिला आपल्या चहाच्या सात कपांची लाज वाटली.

रविवारी सकाळी नवरा स्वयंपाकघरात भंगारवाल्याची वाट बघत बसला होता. या भिंतीपाशी पूर्वी काय होतं, तिने विचारलं.

"आईचा पाट. इथेच बसून भाजी निवडायची. बाबांनी टकटक केली की गायची. आम्हाला वाटायचं, दोघांचा काहीतरी लाडिक चाळा आहे."

तेवढ्यात टकटक झाली. सुनेने गॅसकडे पाहिलंही नाही.

"गा," ती नवऱ्याला म्हणाली.

"मी?"

"अंघोळीला म्हणतोस तसंच. आणि काही झालं तरी मध्ये थांबायचं नाही."

तो काहीतरी बोलणार होता, पण तिचा चेहरा बघून त्याने घसा साफ केला. पहिल्या ओळीला तो लाजला. भिंतीपलीकडे बटण वाजलं. दुसऱ्या ओळीपासून चाल आपोआप त्याच्या आईची झाली, घाईची, हातात काम असलेल्या बाईची. कडवं संपता संपता त्याचा आवाज फाटला. सुनेने त्याचा हात घट्ट धरला आणि मान हलवली. तो रडत रडत गात राहिला, पण लय सोडली नाही. पुढच्या अर्ध्या कडव्याशी बटण पुन्हा वाजलं. त्याला कोणी थांब म्हटलं नाही, म्हणून तो पुढेही गातच राहिला.

काही वेळाने कडी निघाली. सासरे चिमट्यात ओला फोटो धरून दारात उभे होते. त्यात सासूबाई ओला हात पुढे करून फोटो नको म्हणत होत्या, कपाळाला आठ्या, आणि एकेक आठी स्पष्ट दिसत होती. मुलगा फोटोजवळ गेला. बोट लावायला म्हणून हात उचलला, मग मागे घेतला.

बाहेर घंटी वाजली. तो तोंड पुसत दार उघडायला गेला. मशीन आजच न्यायचं ना, असं भंगारवाला विचारत होता.

"नाही," मुलगा म्हणाला. अगदी बाबांसारखं.

परत येताना त्याने पुढच्या खोलीत थांबून पावलांनी अंतर मोजलं. पलंग खिडकीखाली मावेल, असं त्याने तिथूनच सुनेला सांगितलं. सासरे केव्हाच आत गेले होते.

भिंतीवर पुन्हा दोनदा टकटक झाली. सून उठली नाही. नवरा चपला काढून स्वयंपाकघरात आला आणि भिंतीपाशी खाली बसला.