आणखी तीन आठवडे

माझ्या आईचे केस म्हणजे वाळलेलं गवत होतं. मुलगी असून असं बोलते म्हणून कुणी नाक मुरडू नये. केस हा माझा धंदा आहे. वीस वर्षं मी टोप बनवते. थोडे नाटकवाल्यांसाठी आणि बाकी सगळे औषधांनी केस गेलेल्या बायकांसाठी. माणसाचा चेहरा मी नंतर बघते, आधी डोकं बघते.

आई पोहायला शिकवायची. एकतीस वर्षं, रोज चार तास त्या क्लोरिनच्या पाण्यात. टोपी घाल म्हटलं की म्हणायची, "टोपीनं कान दुखतात." पोरं तिला मासोळीबाई म्हणायची आणि ते तिला मनापासून आवडायचं. निवृत्त झाली तेव्हा केस कमरेपर्यंत होते खरे, पण टोकाला तांबूस, मधे फाटलेले, कंगवा घातला की चटचट आवाज करणारे. दुकानात कुणी असे केस विकायला आणले असते तर मी हातसुद्धा लावला नसता.

तिच्या छातीतल्या गाठीचा रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोन आठवड्यांत औषध सुरू करू. केस मात्र जातील." बाकी त्या पुष्कळ बोलल्या. आईनं ऐकलं ते एवढंच.

परतताना बसमध्ये तिनं विचारलं, "टोप तूच करशील ना?"

"मग काय शेजारीण करेल?"

"माझ्याच केसांचा कर. परक्या बाईचे केस डोक्यावर घेऊन मी आरशात बघणार नाही."

मला राग आला. परक्या बायांच्या केसांवरच आमचं घर चाललं होतं, दादाचं शिक्षण झालं होतं. माझ्या कामाला ती आयुष्यभर 'मेलेल्या केसांचं काम' म्हणत आली होती. पण खोटं का बोलू, रागाच्या खाली मी सुखावलेही होते. आईनं माझ्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं होतं.

अडचण एकच होती. टोप करायचा म्हणजे बारीक आकडीनं दोन-दोन केस जाळीतून ओढायचे आणि गाठ मारायची. हजारो गाठी. कोरडा केस गाठीपाशीच तुटतो. मी आईचे दहा केस घेतले, ओले केले आणि एकेक करून ताणले. नऊ तुटले.

"नऊ गेले," मी म्हटलं.

"मग सुधार की. तुला येतं ना सगळं?" ती म्हणाली. "हॉस्पिटलला सांग, तीन आठवडे पुढे ढकला म्हणावं. गाठ काय पळून जातेय?"

मी फोन केला. तिथली बाई डॉक्टरांना विचारून आली आणि म्हणाली, "चालेल म्हणाल्या, पण यापुढे नको." मी हो म्हटलं. दादा दुसऱ्या शहरात असतो, रोज संध्याकाळी त्याचा फोन येतो. त्याला मी सांगितलं, डॉक्टरांनीच पुढची तारीख दिली. तो म्हणाला, "तू आहेस म्हणून मला घोर नाही."

मग आमचं स्वयंपाकघर म्हणजे माझा कारखाना झाला. मी जवस उकळून, गरम असतानाच फडक्यातून गाळायची. त्याचा बुळबुळीत गर केसांना लावून तासभर ठेवायची. एक दिवस कोरफड, एक दिवस दही आणि अंडं. अंडं धुवायला एकदा चुकून गरम पाणी घेतलं तर ते केसांतच शिजलं, आई म्हणाली, "आता मीठ-मिरची टाक, म्हणजे झालं." केळ्याचा लगदा लावला तर दोन दिवस कंगव्यातून केळं निघत होतं. रोज सकाळी कोमट खोबरेल, मुळापासून टोकापर्यंत, बोटांच्या पेरांनी. आंघोळीनंतर पंचानं घासायचं नाही, टिपायचं. ओल्या केसांत कंगवा घालायचा नाही. उशीला मी माझी जुनी रेशमी ओढणी गुंडाळली.

एकदा डोक्याबाहेर आला की केस मेलेलाच असतो. तो बरा होत नाही, फक्त मऊ होतो, वरून लेप बसतो. हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगते. पण आईच्या डोक्यावर तेल चोळताना ते सगळं मी विसरायची. ती बुटक्या स्टुलावर बसायची, मी मागे खुर्चीवर, तिची मान माझ्या गुडघ्यांना टेकलेली. हजारो बायकांच्या डोक्यांना मी हात लावला होता. तिच्या डोक्याला कधी लावल्याचं आठवत नव्हतं.

चौथ्या आठवड्यात ती म्हणाली, "पाठ दुखते गं."

"स्टूल बुटकं आहे," मी म्हटलं आणि मागे उशी दिली.

पाचव्या आठवड्याच्या शेवटी मी पुन्हा दहा केस ताणले. सात टिकले. सात! दुसऱ्या कुठल्याही कामात मी सातावर समाधान मानलं असतं. पण मला दहाच्या दहा हवे होते. हा टोप माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला व्हायला हवा होता, आणि मासोळीबाईनं आरशात बघून 'वा' म्हणायला हवं होतं. आणखी तीन आठवडे मिळाले तर नऊ तरी टिकतील, असा मी हिशेब केला.

त्या दुपारी मी दुकानातून हॉस्पिटलला फोन लावला. म्हटलं, आईला सर्दी-ताप आहे, पुढची तारीख द्या. आईला सर्दी नव्हती. ताप नव्हता. तिला मी विचारलंही नव्हतं. घरी येऊन म्हणाले, "हॉस्पिटलवाल्यांनीच पुढे ढकललं." ती टीव्ही बघत होती. "बरं," म्हणाली.

आठव्या आठवड्यात नऊ केस टिकले. मी तिचे केस पेंडी बांधून कापले, प्रत्येक पेंडीला मुळाकडच्या बाजूनं लाल दोरा बांधला, कारण मूळ आणि टोक उलटसुलट झालं की टोपाचा गुंता होतो. हातात धरलेले केस जड आणि थंड लागत होते. मी इतकी खूश होते की काम करता करता गुणगुणत होते. आईचं बोडकं डोकं लहान मुलासारखं दिसत होतं.

चार दिवसांनी आम्ही तारखेला गेलो. औषधाआधी त्यांनी पुन्हा फोटो काढले, कारण आईला खुर्चीवरून उठताना हात द्यावा लागला होता. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर पाठीचा कणा दाखवला. त्यावर डाग होते. यकृतातही होते. "आता हे औषध झेपणार नाही," त्या म्हणाल्या. "दुखणं कमी करता येईल."

मी एकटीच मागे थांबले. विचारलं, "आधी सुरू केलं असतं तर?"

"सांगता येत नाही," त्या म्हणाल्या आणि फाईल मिटली. 'हो' म्हणाल्या असत्या तर मी रडले तरी असते. 'नाही' म्हणाल्या असत्या तर सुटले असते. 'सांगता येत नाही' हे मी रोज झोपेतून उठल्यावर ऐकते.

टोप मी तरीही केला. दुसरं काय करणार होते? अडीच महिने लागले. एकही केस तुटला नाही. आईच्या पलंगापाशी नेऊन तिच्या डोक्यावर बसवला, तर बसेना. माप मी बोडक्या डोक्याचं घेतलं होतं. औषध दिलंच नव्हतं, मग केस जाणार कशानं? ते उगवत होते. चांगले बोटभर वाढले होते.

"काढ," ती म्हणाली. "टोचतंय."

मी टोप बाजूला ठेवला आणि पहिल्यांदा ते नवे केस नीट पाहिले. पांढरे, दाट, चमकदार. क्लोरिन कधी न लागलेले. हात फिरवला तर मांजराच्या पोटासारखे मऊ. आईनंही हात फिरवला आणि हसली. अंगात हाडं तेवढी उरली होती, पण हसली.

"बघ, तुझ्या तेलाला कसा गुण आला."

ते तेल नव्हतं. हे तिला सांगायचं की नाही, ते नंतरचं. मला दुसरं सांगायचं होतं, आणि ते तोंडातून निघूनच गेलं. "आई, दुसऱ्या वेळी तारीख त्यांनी ढकलली नव्हती. मी ढकलली. तुला ताप आहे म्हणून खोटं सांगितलं. केसांसाठी."

तिनं पुन्हा एकदा केसांवरून हात फिरवला.

"माहीत आहे," ती म्हणाली. "त्यांचा मेसेज माझ्या फोनवर आला होता. विनंतीवरून तारीख बदलली आहे, लवकर बरे व्हा, असा."

"मग तू बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तू ढकललीस म्हणजे चालत असेल. असल्या बायका तुझ्याकडे रोज येतात. कितपत थांबलं तर चालतं, हे तुला नाही कळणार तर कुणाला?"

केसानं गळा कापणं कशाला म्हणतात, ते मला त्या क्षणी कळलं. गळा कापून घेणारीनं मान स्वतः माझ्या गुडघ्यांवर ठेवली होती. मी तिच्या पायांवर डोकं ठेवून रडले. तिनं मला गप्प केलं नाही, माफ केलं असंही म्हणाली नाही. मग म्हणाली, "दादाला सांगू नकोस. आणि तेल आण, आज लावलं नाहीस."

अकरा दिवसांनी ती गेली. दादा आला. तिच्या डोक्यावरून हात फिरवत तो कितीतरी वेळ बसला.

"केस किती सुंदर झाले होते गं तिचे," तो म्हणाला. "तू खूप केलंस तिच्यासाठी."

मी होकाराची मान हलवली.