तळटीपचा नकार

माझा मित्र मला फार आवडतो. त्याचं चांगलं झालेलं मात्र तितकंसं आवडत नाही.

त्याला सगळे तळटीप म्हणतात, कारण तो बोलतानाही तळटीपा देतो. वाक्य मध्येच थांबवतो, मान खाली घालतो, आवाज बारीक करतो आणि मुख्य वाक्यात जे मावलं नाही ते खालच्या पट्टीत सांगून टाकतो. मग मान वर आणि पुढचं वाक्य. नवख्या माणसाला वाटतं याच्या बुटाची नाडी सुटलीय. माझ्या ताईला वाटायचं याची मान दुखते. तिने त्याला एक मलमही दिलं होतं. त्याने ते लावलं, वर आभारही मानले. माणूस असा आहे. रागवायला जागाच ठेवत नाही.

ताईचं चष्म्यांचं दुकान आहे. एम.ए. झाल्यापासून मी तिथे काउंटरमागे उभा असतो. काचा पुसतो, ढिले स्क्रू आवळतो, काडी गरम हवेवर धरून गिऱ्हाइकाच्या कानामागे बसेल अशी वाकवतो, आणि कुठलीही फ्रेम कुठल्याही चेहऱ्याला शोभते असं सांगतो. उरलेल्या वेळात वाट बघतो. म्हणजे खरं काम वाट बघायचं, चष्मे आपले मधल्या वेळचे.

आम्ही दोघांनी इतिहासात पीएचडीसाठी अर्ज केले होते. माझा विषय रांगेचा इतिहास. माणसं रांगेत कधीपासून उभी राहायला लागली, पहिल्यांदा मध्ये कोण घुसलं, त्याला कोणी हटकलं का, वगैरे.

"रांगेत उभं राहायचं असतं," ताई म्हणाली होती. "त्यात अभ्यास काय करायचाय?"

तळटीपचा विषय जुन्या पुस्तकांच्या समासात वाचकांनी खरडलेल्या नोंदी. लोकांनी पुस्तकं खराब केली, याने त्याचा विषय केला. मला तो विषय ऐकल्याक्षणी आवडला होता आणि म्हणून मी त्याला म्हणालो होतो, "बघ बाबा, जरा घासून गुळगुळीत झालाय का हा विषय?"

एकेक विद्यापीठ मला नाही म्हणत गेलं. प्रत्येक नकारात एक वाक्य सारखं असायचं: यंदा आलेले अर्ज अतिशय दर्जेदार होते. म्हणजे मी सोडून सगळे. शिवाय अर्जदारांचं एक संकेतस्थळ आहे, तिथे लोक नाव न सांगता आपापले निकाल टाकतात आणि बाकीचे ते वाचून पोटात दुखवून घेतात. मी दिवसभर तेच करायचो. कुणीतरी लिहिलं होतं, "अपेक्षा नव्हती, पण चार ठिकाणी मिळालं." अपेक्षा नव्हती तर चार अर्ज कशाला केलेस, मेल्या?

शेवटी माझा एकच अर्ज उरला. विभाग छोटा, पण तिथल्या प्राध्यापक बाई अशा की त्यांच्या हाताखाली काम करायला माणसं वर्षानुवर्षं थांबतात. बाई वर्षाला एकच विद्यार्थी घेतात. तिथे आम्ही दोघांनीही अर्ज केला होता. "तुलाच मिळू दे," असं आम्ही एकमेकांना म्हणालो होतो. दोघंही खोटं बोललो, तो जरा कमी.

एका दुपारी तळटीप दुकानात आला आणि चष्मा काढून काउंटरवर ठेवला.

"काडी ढिली झालीय रे," तो म्हणाला. मग मान खाली गेली, आवाज बारीक झाला. "बाईंकडे मिळालं."

"वा!" मी म्हणालो आणि स्क्रू आवळायला घेतला. आवळत राहिलो. आवळत राहिलो. काड् असा आवाज आला आणि काडी माझ्या हातात.

"अरे काय हे!" ताई आतून ओरडली. "लग्नाच्या वयाची झालीत पोरं, एक स्क्रू आवळता येत नाही."

"असू दे गं ताई," तळटीप म्हणाला. त्याला चष्म्याशिवाय धड दिसत नाही, त्यामुळे माझं तोंड त्याला दिसलं नाही. चष्म्याच्या धंद्यातले हे छोटे छोटे फायदे.

मलाही दुसऱ्या दिवशी कळवण्यात आलं. मी प्रतीक्षायादीत होतो. पहिला. रांगेच्या इतिहासाच्या अभ्यासकाला त्यांनी रांगेत उभं केलं होतं, आणि माझ्या पुढे उभा होता तळटीप. त्याने 'नको' म्हटलं तर मी आत. नाहीतर मी बाहेर, ताईच्या दुकानात, जन्मभर दुसऱ्यांचे कान तपासत.

"पहिला म्हणजे दाराशीच की," ताई म्हणाली.

"दार उघडणार नाही ना पण."

"मग कडी वाजव."

कडी वाजवायची गरज पडली नाही. पुढच्या आठवड्यात तळटीपला एका भल्यामोठ्या विद्यापीठातही प्रवेश मिळाला. विद्यावेतन जास्त, ग्रंथालय सात मजली, आणि समासातल्या नोंदींचा एक अख्खा विभाग. मला वाटलं होतं मला आनंद होईल. माझा रस्ता मोकळा होणार होता ना! पण झालं उलटंच. त्याला मिळालं याने मी आधी जळत होतो, आता त्याला नाकारता येणार याने जळायला लागलो. मी आयुष्यात कधी कशाला नाही म्हटलेलं नाही. कुणी विचारलंच नाही.

तरी कामाला लागलो.

"सात मजले!" मी त्याला रोज सांगायचो. "तुझं आयुष्य तिथे मार्गी लागेल, तळट्या."

"पण बाईंसारखं कुणी नाही तिथे."

"बाईंचा स्वभाव तापट आहे म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"म्हणतात," मी म्हणालो, आणि त्याला नव्या काचा बसवून दिल्या. पातळ, न चकाकणाऱ्या, ओरखडे न पडणाऱ्या.

ताई मागे येऊन उभी राहिली. "मित्राला चष्मा करून देतोयस का देवाला नवस फेडतोयस?"

शेवटी तळटीपचं ठरलं. तो सात मजल्यांकडे जाणार, बाईंना नकार कळवणार. "पण असा दोन ओळींत नाही," तो म्हणाला. "त्यांनी माझा अर्ज इतक्या आपुलकीने वाचलाय. नीट लिहायला हवं."

त्याने नीट लिहिलं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा त्याने ते पत्र माझ्यापुढे ठेवलं आणि स्वतः फ्रेमांच्या मांडणीकडे बघत उभा राहिला, जणू तो तिथे नाहीच.

मी वाचायला लागलो आणि मला दरदरून घाम फुटला. इतकं चांगलं होतं. बाईंचे आभार होते, त्यांच्या एका जुन्या लेखाशी प्रेमळ भांडण होतं, निमंत्रण म्हणजे काय याचा विचार होता, आपल्याला कुणी बोलावलं की आपण तिथे न जाताही थोडे तिथलेच कसे होतो, असं काहीसं होतं. पुढे वाचवेना आणि सोडवेना. आणि प्रत्यक्ष नकार कुठे? तर तिसऱ्या पानावर, खाली, बारीक अक्षरांत, तळटीपेत: हे निमंत्रण मला स्वीकारता येत नाही, याचं दुःख मुख्य मजकुरात मावणारं नाही.

आता, मला त्याच वेळी लख्ख दिसलं होतं की हा नकार वर, पहिल्या ओळीत, ठळक अक्षरांत पाहिजे. माझं अख्खं आयुष्य त्या तळटीपेला टांगलेलं होतं. पण तसं म्हटलं असतं तर तो म्हणाला असता, "का? तू तळटीपा वाचत नाहीस?" आणि मी वाचतो. आम्ही सगळे वाचतो. आमच्यात तळटीपा आधी वाचतात, आपलं नाव आहे का ते बघायला. शिवाय खरं कारण वेगळंच होतं. मला ही युक्ती सुचली नव्हती आणि त्याला सुचली होती. आता तिच्यात खोट काढली असती तर मी जळतोय हे त्याला कळलं असतं.

"कसं वाटलं?" त्याने फ्रेमांना विचारलं.

"ठीक आहे," मी म्हणालो. "काना-मात्रा बदलू नकोस. पाठव."

त्याने पाठवलं. मी ताईला सांगून टाकलं की नवा माणूस शोध. ताईने दारावर 'मदतनीस पाहिजे' अशी पाटी लावली. दोन दिवसांनी दोन ठिकाणी उत्तरं आली. तळटीपला आलं: "आपल्या सुंदर पत्राबद्दल आभार. आपण येत आहात याचा विभागाला मनापासून आनंद आहे." मला आलं: "जागा भरल्यामुळे प्रतीक्षायादी बंद करण्यात येत आहे. यंदा आलेले अर्ज अतिशय दर्जेदार होते."

तळटीप धावत दुकानात आला. चेहरा पांढराफटक.

"त्यांनी तळटीप वाचली नाही!" तो म्हणाला.

"माझी जागा गेली, तळट्या."

"तीन पानांत एकच तळटीप होती. एकच! आणि ती वाचली नाही. अशा विभागात मी का म्हणून जाऊ?"

"तू जात नाहीयेस!"

"नाहीच जाणार!"

ताई डोळ्यांच्या तपासणीच्या खोलीतून बाहेर आली. आत एक आजोबा हनुवटी यंत्रावर ठेवून बसलेले दिसत होते. "फोन करा की," ती म्हणाली. "का फोनलाही पान उलटायला लागतं?"

तळटीपने फोन लावला आणि आवाज मोठा करून काउंटरवर ठेवला. विभागाच्या कार्यालयातल्या काकांनी उचलला. तळटीपने नाव सांगितलं.

"अरे वा, या या!" काका म्हणाले. "तुमचं पत्र आम्ही सगळ्यांनी वाचलं. आमच्या शिपायाने तर त्यातली एक ओळ पाठ केलीय. बोला, खोलीची सोय करायचीय का?"

"त्याच पत्रासंदर्भात," तळटीप म्हणाला. "त्यात एक बाब, म्हणजे तिच्या स्थानामुळे कदाचित, निमंत्रण आणि उपस्थिती यांतलं जे नातं..."

"खिडकीची खोली हवी का?"

"नाही, म्हणजे खिडकी ही तशी..." मान खाली गेली. आवाज इतका बारीक झाला की मला शेजारी उभा राहून ऐकू येईना.

"हॅलो? हॅलो? आवाज जातोय बघा तुमचा."

"नाही म्हण!" मी दबक्या आवाजात ओरडलो.

"म्हणतोय ना. पण असं तोडून कसं..."

"तोडून म्हण! दात पाडल्यासारखं म्हण!"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मीच बसवलेल्या नव्या, न चकाकणाऱ्या काचांतून त्याला आज माझा चेहरा अगदी स्पष्ट दिसत होता. त्यात काय काय होतं ते मला माहीत होतं. तो बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं, आता हा हट्टाने होच म्हणेल. मी त्याच्या जागी असतो तर म्हटलं असतं.

तो फोनवर वाकला आणि म्हणाला, "मी येत नाही. नाही. नको."

"अहो, मग हे पत्रात का नाही लिहिलंत?"

"लिहिलंय. तिसऱ्या पानावर, तळाशी."

पानं चाळल्याचा आवाज आला. "हे होय! हे मला वाटलं कागद कुठल्या कंपनीचा ते लिहिलंय." मग काका जरा खट्टू झाले. यादीतला पहिला आपला मित्र आहे असं तळटीपने सांगितल्यावर ते म्हणाले, "बाईंना विचारतो. यादी बंद केली म्हणजे बंद असते, पण विचारतो."

तळटीपने फोन ठेवला. मान वरच होती.

"तुला एवढं हवं होतं," तो म्हणाला, "तर पत्र वाचलंस तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"चांगलं होतं रे पत्र," मी म्हणालो.

"मग तेही नाही सांगितलंस."

दुपारी प्राध्यापक बाईंचा फोन आला. स्वतः बाईंचा. आवाज अजिबात तापट नव्हता.

"तुम्हाला यायचंय का?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो. "हो. हो." पुढेमागे शंका नको.

"छान. तुमच्या रांगांचं बघू आपण, विषय गमतीचा आहे. आणि तुमचा तो मित्र, त्याला तुम्ही ओळखता असं काका म्हणाले. ते पत्र मी आत्ता पूर्ण वाचलं, तळटीपेसकट. किती वर्षांत असं काही वाचलं नव्हतं! पहिल्या आठवड्याच्या वाचनाला तेच ठेवतेय. लेखकाला तुम्ही जवळून ओळखता, तेव्हा त्यावर वर्गात तुम्हीच बोला. चालेल ना?"

"चालेल," मी म्हणालो.

ताईने दारावरची पाटी काढली नव्हती, आता ती सरळ केली. मग माझ्याकडे बघून थबकली. "मिळालं ना?"

"मिळालं."

"मग कुणी मेल्यासारखा का बसलायस?"

 मी आजोबांचा चष्मा बाजूला ठेवला, बाईंनी लगेच पाठवलेलं ते पत्र उघडलं आणि पेन्सिल घेऊन वाचायला बसलो. संध्याकाळपर्यंत तीन वेळा वाचून झालं. दुसऱ्या पानावर एक वाक्य जरा लांबलंय असं मला वाटलं होतं, पण मोठ्याने वाचून पाहिलं तर नाही, तेही बरोबरच आहे.